व्याह्यांची जीप

कान्हूने किल्ली हातातून पडल्यासारखं दाखवलं. खरं तर पाडलीच. गाडीखाली वाकून बघायला त्याच्याकडे दुसरं निमित्त नव्हतं.

जीप परक्याची असती, तर तो सरळ पाठीवर निजून खाली घुसला असता, बॉनेट उघडून चार दोष काढले असते. पण अष्टमी गावातलं हे अंगण त्याच्या लेकीच्या सासऱ्याचं होतं. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात; ही गाय रोख पैसे देऊन न्यायची होती, तरी दात बघायची सोय नव्हती. मुलीच्या बापाने व्याह्याची वस्तू तपासली, की सोयरीकच तपासायला काढली असं धरतात.

किल्ली चाचपता चाचपता त्याने वर पाहिलं. मागच्या चाकांकडे जाणारा लोखंडी दांडा जागेवर होता. पुढच्या चाकांकडे जाणारा नव्हताच. तो जिथे बसवायचा, तिथे प्लास्टिकची पिशवी सुतळीने घट्ट बांधलेली होती. म्हणजे पुढची चाकं नुसती वळायच्या कामाची. गाडी ओढायची ती मागच्या दोन चाकांनीच.

"फोर व्हील हाय, व्याही," ओट्यावरून हिरामण म्हणाला. "डोंगरावर चढवा, नायतर खाडीत घाला. अडायची नाय. पहिल्या सेल्फला चालू होते."

कान्हूने उठून हात झटकले. जन्मभर त्याने मिठाच्या व्यापाऱ्याचा ट्रक हाकला होता. स्वतःच्या नावाची गाडी ही पहिलीच. पेणच्या खारेपाटातल्या त्याच्या गावाला हायवेवरून जायला खाडीच्या बांधावरची मातीची वाट, आणि पावसाळ्यात तिचा नुसता रेंदा व्हायचा. गेल्या आषाढात शेजारच्या गोदूबाईला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा चौघांनी तिला खाटेवर घालून नेलं, आणि पोर वाटेतच गेलं. तेव्हापासून कान्हूने एकच ध्यास घेतला होता, चारही चाकं ओढणारी गाडी आणायची. सगळ्या गावाला तो तसं सांगून बसला होता. सकाळी त्याला जिते स्टेशनवर सोडायला आलेली माणसं संध्याकाळी हार घेऊन वाट बघणार होती.

त्याची लेक हौसा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती, तोवर गळ्याची हाडं वर आली होती. या वर्षात ती दोनदा न बोलावता माहेरी आली, दोन्ही वेळा कान्हूच तिला परत पोचवून गेला, आणि हिरामणने 'पोर हाय, शिकंल' म्हणत मोठ्या मनाने तिला घरात घेतलं. मोठं मन! दुसऱ्या खेपेला बापलेकीला भर उन्हात अंगणात ताटकळत ठेवून मगच ते मोठं झालं होतं.

हिरामणने किंमत सांगितली. पुढचा दांडा असता तरी ती जास्तच होती. कान्हूने खिशातलं पैशांचं पुडकं चाचपलं.

हौसा चहा घेऊन आली. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, म्हणून बापासाठी कप नव्हता. सासऱ्यापुढे कप ठेवून ती वळली, कान्हूपाशी जरा थबकली आणि पदर सावरल्यासारखं करत पुटपुटली, "बाबा, घेऊ नका. चिखलात नाय चालत ती. भाताच्या गोणी आणताना रुतली, तर बैल लावून काढली."

"ठाऊक हाय गो," कान्हू हळूच म्हणाला.

सुनेने जिथे बोलू नये तिथे ती बोलली होती, आणि दारातून सासू काशीबाई बघत होती.

"काय बोलते सून?" हिरामणने विचारलं.

आवाज साधाच होता, पण हौसाने ट्रे छातीशी आडवा धरला आणि ती दोन पावलं मागे सरली. आपण हिला दोनदा कुठे आणून सोडलं, हे कान्हूला आता कळलं. गाडी राहू दे, हिचा हात धरावा आणि चालू लागावं, असं त्याला मनापासून वाटलं. पण तिसऱ्यांदा माहेरी आलेल्या लेकीला गाव काय काय बोलतं, ते गावात राहणाऱ्याला शिकवावं लागत नाही.

"बोलते, गाडी चांगली हाय, सोडू नका," कान्हू हसत म्हणाला.

सगळं घर एकदम सैलावलं. हिरामणने मांडीवर थाप मारली आणि सून आता खरी घरची झाली म्हणाला. काशीबाईने स्वतःच्या हाताने आणखी एक कप भरला.

"बस गो हौसा. च्या घे तू पण."

हौसा पाटावर टेकली. तिने एकदा बापाकडे पाहिलं आणि मग कपातच बघत राहिली. कान्हूला तिच्याकडे बघवेना. लाज वाटत होती, आणि ती सासरच्या माणसांसोबत बसलेली बघून बरंही वाटत होतं. त्या बरं वाटण्याचीच जास्त लाज वाटत होती.

पैसे दिले, नारळ फुटला. काशीबाईने चारही चाकांना हळदकुंकू वाहिलं. जीप पहिल्याच सेल्फला सुरू झाली. हिरामणच्या बोलण्यातलं तेवढं एक खरं निघालं. गावात काय सांगायचं, ते हायवेला लागल्यावर ठरवू, असं कान्हूने मनाशी म्हटलं.

हिरामण जीपला हात लावून उभा राहिला. आज त्याला खरोखरच माया दाटून आली होती.

"भात झोडायचं मशीनबी जुनं झालंय, व्याही. पुढल्या साली विकायला काढीन म्हणतो. निरोप घेऊन हौसालाच पाठवीन."