डावं अंग

सत्यभामाबाईंनी जाकीट आधी आपल्याच अंगात चढवलं.

"कर चालू," त्या म्हणाल्या.

निवृत्तीनं खाली ठेवलेल्या मोटारीच्या बॅटरीला चिमटे लावले. त्यांचा हा लेक खामगावात ट्रकच्या गॅरेजात होता, रोज जाऊन-येऊन. मिलिटरीच्या जुन्या मालातून त्यानं हे जाकीट आणलं होतं, आतून तारा शिवलेलं, कधीकाळी विमानातल्या कुणा शिपायाच्या अंगावरचं. गावात अजून विजेचे खांब आले नव्हते, आणि पोरगा बापाच्या अंगात वीज घालायला निघाला होता.

"झटका बसत नाही माय. हे पाह्य." त्यानं दोन बोटं बॅटरीच्या दोन्ही टोकांवर टेकवली.

"तुह्या बोटाचं कौतुक नको सांगू. तुले तं विंचू चावला तरी सकाळी समजते."

त्या जाकीट घालून अंगणभर फिरल्या. ओला हात फिरवून पाहिला. पौषातली बोचरी सकाळ, पण त्यांच्या कपाळावर घाम आला. या घरात त्यांनी चाखल्याशिवाय भाजी चुलीवरून उतरत नसे आणि त्यांनी कोपर बुडवून पाहिल्याशिवाय नवऱ्याच्या अंगावर पाणी पडत नसे. त्यांनी जाकीट काढलं आणि निकाल दिला, "चांगलं हाये. घाल तुह्या बापाले."

बाजेवरून पुंजाजी हे सगळं लहान लेकरासारखं पाहत होते. लकव्यानं त्यांची डावी बाजू नेली होती. चालताना डाव्या पायातली चप्पल मागं राहायची आणि ते पुढं निघून जायचे. चालणं अधू झालं त्याचं त्यांना एवढं नव्हतं. मारुतीपुढचा पार सुटला, ते लागलं होतं. त्या पारावर त्यांच्या शब्दाला वजन होतं. मागच्या हिवाळ्यात हट्टानं जाऊन बसले, तर छाती भरली, मरता मरता वाचले. तेव्हापासून थंडी पडली की घराचं दार त्यांना बंद.

आता दार उघडलं. निवृत्तीच्या एका हातात बॅटरी, दुसऱ्या खांद्यावर बाप. पारावर महादेवरावांनी विचारलं, "पुंजाजी, पेट्रोल किती खाता दिवसाचं?" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं पुंजाजी हसले. बसल्या बसल्या ते नेहमीसारखे डावीकडं कलंडले आणि कपाशीच्या भावाबद्दल बोलू लागले.

दोन-तीन सकाळी अशा गेल्या. मग एकदा ते पारावरून आले, तेव्हा सत्यभामाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"चटकत नाही ना कुठी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"उजवीकडं जरा जास्त होते," पुंजाजी म्हणाले. "डावीकडं मात्र बेस हाये. काहीच लागत नाही."

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या उठल्या. त्यांनी जाकिटाची बटणं काढली, सदरा वर केला. डाव्या फासळ्यांवर तारेची वळणं जशीच्या तशी उमटली होती, आणि त्यांवर फोड टरारून आले होते.

निवृत्तीचा चेहरा उतरला. "पण तू घालून पायलं होतं ना माय!"

सत्यभामाबाई आतून खोबरेलाची वाटी घेऊन आल्या.

निवृत्तीनं जाकिटाची गुंडाळी केली. "नेऊन टाकतो हे." पुंजाजींनी उजव्या हातानं ती गच्च धरली. "राहू दे रे. मले दुखत नाही नं? मंग जळू दे थोडंसं. तिथी लोकं बोलतात मह्याशी."

जखमेवर रोज खोबरेल लागत राहिलं. जाकीट खुंटीवर लटकत राहिलं. त्याचं नाव कुणी काढलं नाही.

खपली पडून खालची कातडी नीट धरली, त्या सकाळी सत्यभामाबाईंनी नवऱ्याला आधी जाड कोपरी घातली, तिच्यावर जाकीट. निवृत्ती त्यांना घेऊन पुढं निघाला. बाई डोक्यावरचा पदर नीट करून मागं निघाल्या.

त्या पारापुढून गावातल्या बाया चपला हातात घेऊन जात. सून एकदा विसरली, तर बाईंनी तिला भर चौकात झापलं होतं. स्वतःच्या घरातही नवरा बाजेवर असला की त्या भुईवर बसत. बरोबरीनं बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांनी चपला खाली काढल्या आणि पारावर चढल्या. पुंजाजींच्या डाव्या बाजूला, अगदी खेटून बसल्या. जाकिटाखालून हात घालून त्यांच्या फासळ्यांवर ठेवला.

पारावरचं बोलणं थांबलं. महादेवराव आपल्या जोड्यांकडं पाहू लागले.

"काऊन? जिभा गोठल्या का तुमच्या?" बाई म्हणाल्या. "लकवा आमच्या घरी आला, इथी सगळेच मुके झाले."

कुणीतरी खाकरलं. महादेवरावांनी कपाशीचा भाव काढला. पुंजाजींनी तो खोडून काढला. बोलणं पुन्हा पेटलं. मध्येच बाई म्हणाल्या, "निवृत्ती, काढ चिमटा." थोड्या वेळानं, "लाव आता."

ऊन पारावर आलं. पुंजाजी बोलता बोलता थांबले आणि बायकोच्या कानाशी वाकले.

"अवं, हात हाये ना?"

त्यांना तो लागत नव्हता.

"हाये," त्या म्हणाल्या. "तुमी बोला."