पिवळं लेबल

आजींच्या औषधांच्या पिशवीवरच्या पिवळ्या लेबलचे कोपरे वर वळले होते आणि सुटलेल्या गोंदावर धुळीची काळी किनार जमली होती. वृद्धाश्रमात थोड्या दिवसांसाठी आलेल्यांची औषधं अशा पिवळ्या लेबलच्या पिशवीत खुंटीला टांगत. कायम राहणाऱ्यांना कुलपाच्या कपाटात पांढऱ्या लेबलचा खण मिळे. काल आजींच्या पिशवीत शेजारच्या आजोबांची रक्तदाबाची गोळी गेली होती. द्यायच्या आधी सिस्टरच्या लक्षात आलं, म्हणून निभावलं.

"आता तुमच्या औषधांना कपाटात खण घेऊ या," सिस्टर म्हणाली. "असं टांगून ठेवणं जिवावर बेतेल."

"कशाला? उद्या निघायचं झालं, की पुन्हा सगळी बांधाबांध." आजींनी पांघरुणाची घडी सारखी केली. "घराचं काम झालं की नेते, असं लेकीने सांगितलंय. झालं का नाही, कोण जाणे. तुम्हीच विचारा तिला, सिस्टर."

सिस्टर पलंगाच्या कडेला बसली.

"घराचं काम कधीच झालंय, आई," इथे ड्यूटीवर आईसाठीही 'सिस्टर'च असलेली लेक म्हणाली. "मी तुला नेणार नाही."