लेओनी बुव्हरेची वाट

लेओनी बुव्हरेने खुर्ची फाटकाबाहेर आणून ठेवली तसा समोरच्या चौकीतला शिपाई मिलो खिदळला.

"आज तरी उतरणार का नवरोबा, मादाम?"

"उतरले तर तुम्हालाच आधी दिसतील की," ती म्हणाली. डोक्याचा निळा रुमाल तिने सारखा केला आणि रस्त्याकडे बघत बसली.

हवालदार तांगी केर्ब्राने मिलोकडे नुसतं पाहिलं. मिलोने हसू आवरलं.

लाँसहून येणारी बस धापा टाकत चढ चढून आली. चीजच्या कारखान्यातला म्हातारा कारकून उतरला, भाजीची पिशवी सांभाळत एक बाई उतरली. बस वळून निघून गेली. लेओनी तरीही बसून राहिली. मग खुर्ची उचलून आत गेली.

तिचा नवरा ऑगुस्तँ बुव्हरे या भागाचा खासदार होता. अल्जियर्सहून बंड करून आलेले आपल्याच फौजेचे छत्रीधारी सैनिक त्या एप्रिलमध्ये पॅरिसवर उतरले, तेव्हा वर्षाच्या आत निवडणुका घेऊ असं सेनापतींनी रेडिओवर सांगितलं होतं. लोकांनी मान्य केलं. निदान दंगे तरी थांबले, असं म्हणणारे पुष्कळ होते. केर्ब्रा त्यांतलाच एक. निवडणुका काही झाल्या नाहीत. संसद भरली ती सेनापतींना सगळे अधिकार देऊन टाकण्यासाठी. दाराशी बंदुका घेतलेले सैनिक उभे असताना बुव्हरे उठला आणि "नाही" म्हणाला. त्याच आठवड्यात तो गावाखालच्या खिंडीतून स्वित्झर्लंडला निसटला.

मग एकेक होत गेलं. महापौराच्या खुर्चीत मेजर येऊन बसला. शाळेचे मास्तर एका सकाळी शाळेत आलेच नाहीत. नगरभवनातला प्रजासत्ताकाच्या देवीचा अर्धपुतळा तळघरात गेला. तो केर्ब्रानेच उचलून नेला होता. दगडी असूनही त्याला तो फार हलका लागला, आणि याचंच त्याला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

बुव्हरेचा बायकोवर जीव आहे, तो तिच्यासाठी येणारच, असा कप्तान रॉशेचा हिशोब. म्हणून खिंडीतली पहाऱ्याची बहुतेक माणसं काढून त्याने तिच्या दारासमोर चौकी बसवली. तेव्हापासून कितीतरी हिवाळे केर्ब्रा तिथे होता. लेओनीचं वाट बघणं बघत होता. आपलं गाव समुद्राकाठी, ब्रिटनीत. तिथून निघताना आपल्याला निरोप द्यायलाही कोणी दारात आलं नव्हतं, हे त्याला हल्ली वरचेवर आठवे. बस आली की त्याचाही श्वास अडके. तो माणूस यावा असंही वाटे, येऊ नये असंही वाटे. त्याला पकडायचंय, हे मात्र आठवावं लागे.

मंगळवारी दुपारी कप्तानाचा फोन आला.

"सीमेपलीकडे, लोझानमध्ये कोणीतरी मेलाय म्हणे. बुव्हरेच असावा. खात्री नाही."

"मग, साहेब?"

"बाईला ठाऊक असणार. बायकोपासून असलं लपत नाही. ती अजून वाट बघत असेल तर तो जिवंत आहे, चौकी राहील. नाहीतर तुम्ही सगळे परत खिंडीत. जा, अंदाज घे. पण तिला काही बोलू नकोस."

केर्ब्रा गेला. ती स्वयंपाकघरात अक्रोड फोडत होती. तिने त्याला बसायला सांगितलं, पिवळ्या वाइनचा पेला पुढे केला. चेहरा नेहमीसारखाच होता, कान मात्र रस्त्याकडे. हिला काहीच ठाऊक नाही, त्याला वाटलं. उद्याही ही खुर्ची बाहेर काढेल. परवाही.

त्याला ते सहन होईना.

"मादाम, उद्यापासून बाहेर बसू नका."

"का? सरकारने त्यावरही बंदी घातली?"

"ते गेले, मादाम. लोझानला. मी सांगायला नको होतं. कप्तानाला कळलं तर मला भिंतीशी उभं करतील. पण तुम्ही अशा रोज..."

तिने हातातला अक्रोड खाली ठेवला.

"दोन शरद झाले त्याला," ती हळूच म्हणाली. "हृदय बंद पडलं. काळे कपडे शिवून कपाटात ठेवलेत मी. घालता येत नाहीत. रडायचं तेसुद्धा नळ सोडून."

केर्ब्रा बघत राहिला. त्याचं काळीज उगीचच धडधडू लागलं. "मग इतके दिवस फाटकाशी बसत होता ते कोणासाठी?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत त्याला हवं होतं तसलं काहीच नव्हतं.

"मी काळे कपडे घातले की तुमची माणसं परत खिंडीत जातील, हवालदारसाहेब. आपले मास्तर तिथूनच पार झाले. त्यांच्यामागून पुष्कळ गेले. पलीकडे प्रत्येकाची कोणीतरी वाट बघत असतं. माझा येणार नाही, तर निदान त्यांचे तरी पोचू देत."

तिने पुन्हा अक्रोड हातात घेतला.

"आता कळलं तुम्हाला. जा, सांगा तुमच्या कप्तानाला."

केर्ब्रा चौकीत परत आला. मिलोने काही विचारलं ते त्याला ऐकू आलं नाही. त्याने फोन उचलला.

"काय म्हणते बाई?" रॉशेने विचारलं.

"खुर्ची पुसत होती, साहेब. बसची वेळ होत आली ना."

"म्हणजे जिवंत आहे बेटा!"

"जिवंत आहे. आणि बहुतेक याच आठवड्यात येणार," केर्ब्रा म्हणाला. "इथली माणसं कमी पडतील, साहेब. खिंडीत जी उरलीत, तीही सगळी वर पाठवा."