शेजारची सीट

नवं जेट बघायला दंतवैद्य बायकोला आणि मित्राला घेऊन विमानतळावरच्या हँगरमध्ये आला. दोघे मित्र आपापली विमानं स्वतःच उडवायचे. “एकच इंजिन? बंद पडलं तर?” मित्राने नाक मुरडलं. “अख्ख्या विमानाला पॅराशूट!” दंतवैद्य म्हणाला. “शिवाय हे लाल बटण. वैमानिक बेशुद्ध पडला तर प्रवाशाने दाबायचं, विमान आपोआप उतरतं.” “किती वेळ दाबून धरायचं?” बायकोने विचारलं. “वहिनी, एवढा अविश्वास?” मित्र हसला. ती हसली नाही. दंतवैद्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेल्या वर्षी विमान उडवताना हवेत क्षणभर त्याची शुद्ध हरपली होती. “डोळा लागला,” म्हणत त्याने वेळ मारून नेली. तिला कळलं होतं. तरी त्याला एकटं सोडवेना म्हणून ती मुकाट्याने शेजारी बसायची. “मला चक्कर येते. विमान बंद,” तो पुटपुटला. बायकोने हात पुढे केला. “गाडीची किल्लीही दे.”