मायसारखं

व्हिएन्नाहून आलेली मडम आठ वर्षांपासून हिंगोलीत तसबिरी रंगवून पोट भरत होती. जवळच्या हट्टा गावच्या दगडोबाला वारलेल्या मायची तसबीर पाहिजे होती, पण मायचा फोटोच नव्हता. “नाक कसं होतं?” मडमनं विचारलं. “मायसारखं!” दगडोबा म्हणाला. डोळे विचारले, तर तेही मायसारखेच. शेवटी मडमनं आपल्याच आईचा चेहरा काढला, कपाळावर गोंदण दिलं, डोईवर पदर ओढला. ती आई व्हिएन्नातच राहिली होती. महायुद्धाच्या लढाईत तिची पत्रं थांबली; लढाई संपली तरी मडम टपालवाल्याची वाट बघायची. तसबीर पाहताच दगडोबाला रडू फुटलं. “व्हय, हीच माही माय!” म्हणत त्यानं झेंडूचा हार उचलला. “हार नका घालू!” मडम ओरडली. “काहून, बाई? गेलेल्या माणसाला घालावाच लागतो.” मडम तसबिरीकडं बघत राहिली. मग तिनं हात पुढं केला. “आणा. मी घालते.”