खरखर

"खरखरतंय. परत कर," असं म्हणून बाबांनी ते बेअरिंग लेकीच्या तळहातावर ठेवलं.

शर्टाच्या बटणाएवढं बेअरिंग. दुरुस्तीला आलेल्या, रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या शेपटीतलं. गिऱ्हाईक उद्या हेलिकॉप्टर न्यायला येणार होतं. तिने सुईच्या टोकाने बेअरिंगची झाकणी उचकटली, पेट्रोलच्या वाटीत ते घोळलं, फुंकून वाळवलं. मग तेलाचा एकच थेंब. जास्त झालं तर धूळ चिकटते, कमी पडलं तर लोखंड लोखंडाला खातं. झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी तिने सांगितलं असतं.

तिने ते काडीवर चढवून कानाशी फिरवलं. काहीच ऐकू आलं नाही. ऐकू येत नाही तेच चांगलं, हेही बाबांनीच शिकवलेलं.

बाबांनी ते कानाशी धरलं, डोळे मिटले. "अंहं. तुझा हात अजून बसला नाही."

शाळा सुटल्यापासून ती याच दुकानात, याच टेबलापाशी वाढली. आई गेल्यावर दुकानही तिने ओढलं आणि घरही. केसांत पांढरी बट आली, पण हात काही बसला नाही. तिच्या हातून गेलेलं मशीन कधी तक्रार घेऊन परत आलं नव्हतं. ते बाबा नजरेखालून घालतात म्हणून, असंच ती धरून चालायची.

मागच्या हिवाळ्यात एका कारखान्याचा माणूस दुकानात आला होता. पिकांवर फवारणी करणारी रिमोटवरची हेलिकॉप्टरं बनवायचे ते लोक. त्याला तिचं काम पसंत पडलं. दुसऱ्या गावी नोकरी, राहायला खोली. बाबांनी अडवलं नाही. इतकंच म्हणाले, "जा की. पण तिथे तुझ्यामागे तपासायला मी नसेन. एखादं मशीन कुणाच्या डोक्यात पडलं, म्हणजे?" ते डोकं मग तिच्या नजरेसमोरून हलेना. तिने फोन करून नकार कळवला.

आज बेअरिंग पुन्हा माघारी आलं आणि तिचा धीर सुटला. बोटं भरून आली होती. तिने खण उघडला, कोऱ्या बेअरिंगचं पाकीट फाडलं आणि जुन्याच्या जागी नवंच त्यांच्या हातात दिलं. एकदाचं सुटू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

बाबांनी फिरवलं. ऐकलं.

"खरखरतंय."

ती बघतच राहिली. कान गेले यांचे. आणि आपल्याला पत्ताच नाही. ती त्यांच्याजवळ सरकली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "बाबा, हे नवं आहे. आत्ताच पाकीट फाडलं. आपण उद्या डॉक्टरांना कान दाखवून येऊ."

"ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "पाकीट फाडलेलं ऐकलं मी."

"मग?"

त्यांनी बेअरिंग टेबलावर ठेवलं. तिच्याकडे बघितलं नाही.

"छान झालंय म्हटलं असतं, तर तू राहिली असतीस?"