खिडकीतला काळा चौकोन

"मेलं मुकंच झालंय हे," आई कॉम्प्युटरकडे बघत पुटपुटली. "तुझ्या त्या नव्या खिडकीत बसवलंस तेव्हापासून तोंड शिवून बसलंय."

धाकटी लेक कीबोर्डवर वाकली होती. चष्म्याच्या काचा घासायचा घरचाच कारखाना. दुपारचं ऊन ट्रेमधल्या भिंगांवर पडून छतभर पाण्यासारखं हलत होतं. आपण सगळे एखाद्या तळ्याच्या तळाशी बसलोय, असं तिला मघापासून वाटत होतं.

बाबांनी तीस वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम काळ्या पडद्यावर, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, एकेक प्रश्न विचारायचा. कितीचा नंबर? कुठली काच? घासू का? उत्तर टाइप केलं की मशीन चालायचं. धाकटीने आता रंगीत बटणांचं नवं ॲप केलं होतं आणि त्यातच एका काळ्या चौकोनात बाबांचा तो जुना प्रोग्रॅम बसवला होता. सहा वाजता दादाने मशिनांसाठी गिऱ्हाईक बोलावलं होतं. त्याआधी हे चाललं तर कारखाना राहणार होता.

"नाही चालायचं ते," दादा म्हणाला. "मशिनं गेली की गाळा भाड्याने देऊ. बाबांची खुर्ची वर नेऊ. वर हवा चांगली आहे."

बाबा त्याच खुर्चीत, हाताच्या अंतरावर बसले होते. आजारपणात त्यांची वाचा गेली त्याला वर्ष होऊन गेलं होतं.

"तो बिघडलेला नाहीये," धाकटी झोपेत बोलल्यासारखी म्हणाली. "समोर कुणी नाही असं वाटलं की बोलणं पोटात साठवून ठेवतो. माणूस बसलंय असा भास दिला पाहिजे त्याला."

"मग दे की," आई म्हणाली. "लिहिलाय कुणी? लाड तर लागणारच."

धाकटीने चार ओळी बदलल्या. चौकोनात हळूहळू अक्षरं उमटली.

कोण बसलंय?

आईने कीबोर्ड पुढे ओढला. पण तिच्याआधी बाबांचा डावा हात तिथे पोचला. एक बोट, चाचपडत, अक्षरं शोधू लागलं.

मी.

कितीचा नंबर? बाबांनी ट्रेवरची चिठ्ठी वाचून नंबर टाकला. काच टाकली. घासू का? हो. पलीकडे मशीनमध्ये पाणी सुटलं, चाक फिरू लागलं, आणि छतावरचं ऊन थरथरलं.

"चालतंय म्हणायचं," दादा शेवटी म्हणाला. "पण कारखाना ठेवायचा का खरंच? आई, तूच सांग."

आई फिरणाऱ्या चाकाकडे बघत होती.

"मला कशाला विचारतोस?" ती म्हणाली. "ज्यांचा आहे ते इथे बसलेत. वर्षभरात आपण त्यांना एक गोष्ट विचारलेली नाही."